फवारणी पंपाची लिथियम बॅटरी : डाख नको, स्पॉट वेल्डिंग करून घ्या

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्या शिकविणारा माणूस आज बॅटरीवर बोलायला उभा राहिला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु बांधावर गेलो की अळीच्या प्रश्नाआधी चार्जिंगच्या पंपाचा प्रश्न पुढे येतो. तूर फुलोऱ्यात आहे, शेंगा पोखरणारी अळी दिसू लागली आहे आणि पंप चौथ्या टाकीला बसतो. अशा वेळी फवारणी दोन दिवस पुढे गेली तर नुकसान पिकाचे होते, पंपाचे नाही.

आपल्या पाठीवरच्या बऱ्याच पंपांत १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास क्षमतेची लेड अॅसिड बॅटरी असते. ती रोज तळापर्यंत रिकामी केली, किंवा हंगाम संपल्यावर तशीच अडगळीत टाकली, की लवकर निकामी होते. म्हणून गावोगावचे हौशी तरुण लिथियमचे सेल आणून स्वतः पॅक जोडू लागले आहेत. हौस चांगली आहे. मात्र त्यांतील बरेच जण सेलला सोल्डरिंगचा, म्हणजे कथिलाचा डाख देतात. आजचे बोलणे मुख्यतः त्यासाठी आहे.

माझ्याच घरचा अनुभव

चार वर्षांपूर्वी मीही हेच केले. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल घेतले, त्यांना डाख देऊन पॅक बनविला आणि संरक्षक कार्ड बसविण्याचा कंटाळा केला. पंप महिनाभर उत्तम चालला. एके रात्री पॅक चार्जिंगला लावून आम्ही झोपलो. आईला गोडसर, रंगाच्या डब्यासारखा वास आला म्हणून ती उठली. एक सेल हात लावू नये इतका तापला होता, त्याचे वरचे प्लॅस्टिक आकसले होते आणि टोकाशी द्रव पाझरला होता. शेजारीच वर्तमानपत्रांची रद्दी होती. आईने बटण बंद केले म्हणून निभावले. जुने सेल, डाख आणि कार्ड नसणे, अशा तीन चुका मी एकाच पॅकमध्ये केल्या होत्या.

डाख का देऊ नये?

सेलच्या आत धन आणि ऋण थरांमध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. साधारण १३० अंश सेल्सिअसच्या आसपास हा पडदा वितळू लागतो. सोल्डरिंगची कांब ३५० अंशांपर्यंत तापते आणि डाख नीट बसावा म्हणून ती काही सेकंद सेलवर टेकवून ठेवावी लागते. या उष्णतेने टोकाजवळचा पडदा आणि सेलचे तोंड बंद करणारी चकती यांना इजा पोहोचू शकते. ही इजा बाहेरून दिसत नाही. सेल त्या दिवशी चालतो आणि पुढे केव्हातरी दगा देतो.

स्पॉट वेल्डिंगमध्ये निकेलची पातळ पट्टी सेलच्या टोकावर ठेवून तांब्याच्या दोन टोच्यांनी दाबतात. काही मिलिसेकंद इतकाच वेळ शेकडो, कधी हजाराहून अधिक अँपिअरचा प्रवाह सोडला जातो. पट्टी आणि सेल जेथे टेकतात तेथे विरोध जास्त असल्याने तेवढाच ठिपका तापून दोन्ही धातू एकजीव होतात. उष्णता आत शिरण्यापूर्वीच काम आटोपते.

सेलची निवड

पंपासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे सेल घ्यावेत. इतर लिथियम सेलपेक्षा ते उष्णता अधिक सोसतात. मात्र ते पेटतच नाहीत असे समजू नये. एका सेलचा दाब ३.२ व्होल्ट असल्याने चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट मिळतात. ३२७०० या क्रमांकाचा, म्हणजे ३२ मि.मी. व्यासाचा आणि ७० मि.मी. लांबीचा सेल साधारण ६ अँपिअर-तासांचा असतो. पंप ३ अँपिअर घेत असेल तर असा पॅक सुमारे दोन तास चालतो.

चारही सेल नवे, एकाच बनावटीचे आणि एकाच खरेदीतील असावेत. मल्टिमीटरने प्रत्येकाचा दाब मोजावा. फरक ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त असल्यास तो सेल बदलून घ्यावा. जोडीतला एक बैल अधू असला की दुसऱ्याची ताकद वाया जाते, तसेच सेलचेही आहे.

वेल्डिंग करून घेताना

तालुक्याच्या गावी ई-बाईकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे स्पॉट वेल्डिंगचे यंत्र असते. बाकी जुळवणी हौसेने स्वतः करावी, पण वेल्डिंग त्यांच्याकडून करून घ्यावे आणि समोर उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. पट्टी शुद्ध निकेलची असावी. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी स्वस्त मिळते, पण ती जास्त तापते आणि गंजते. लोहचुंबकाने पारख होत नाही, कारण दोन्ही पट्ट्या चिकटतात. तुकडा कानशीने खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवावा. तांबूस गंज दिसल्यास पट्टी लोखंडी समजावी.

२. सेलच्या धन टोकाभोवतीचा पत्रा ऋण असतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. पट्टी त्याला घासली तर थेट शॉर्ट होतो. म्हणून धन टोकावर इन्सुलेशन कागदाचे कडे चिकटवून घ्यावे.

३. आधी निकामी सेलवर नमुना वेल्ड करून पट्टी पकडीने ओढावी. पट्टी फाटून ठिपके सेललाच चिकटून राहिले तर वेल्ड पक्का. पट्टी अलगद निघाली तर कच्चा. ठिपक्याला भोक पडले तर प्रवाह जास्त आहे, तो कमी करावयास सांगावे.

४. प्रत्येक टोकावर किमान चार ठिपके घ्यावेत.

५. वायरींना डाख द्यावाच लागतो. तो पट्टी सेलवर बसविण्यापूर्वी, पट्टीच्या मोकळ्या टोकाला द्यावा.

६. काम करताना अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे व डोळ्यांवर चष्मा असावा.

संरक्षक कार्ड आणि चार्जर

बीएमएस नावाचे संरक्षक कार्ड प्रत्येक सेलवर लक्ष ठेवते आणि दाब प्रमाणाबाहेर वाढला वा घटला की पॅक तोडते. चार सेलच्या फॉस्फेट पॅकसाठी असलेलेच कार्ड घ्यावे. जोडण्यापूर्वी ऋण टोकापासून क्रमाने सुमारे ३.२, ६.४, ९.६ आणि १२.८ व्होल्ट मिळतात का, ते मोजावे. क्रम चुकला तर कार्ड जळते.

पंपासोबत आलेला जुना चार्जर वापरू नये. या पॅकला १४.६ व्होल्टचा फॉस्फेट पॅकचा चार्जर लागतो. घरात तीन सेलचा ११.१ व्होल्टचा दुसऱ्या प्रकारचा पॅक असेल तर त्याला १२.६ व्होल्टचाच चार्जर लावावा. या दोन चार्जरची अदलाबदल धोक्याची आहे. त्यांवर रंगाने खूण करून ठेवावी.

बॅटरी बदलल्यावर पंप पुन्हा मोजा

आता माझ्या विषयाकडे येतो. लेड अॅसिड बॅटरी उतरू लागली की पंपाचा दाब हळूहळू घटतो. फॉस्फेट पॅकचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो आणि मग कार्ड पंप एकदम बंद करते. शिवाय हा पॅक थोडा जास्त व्होल्ट देत असल्याने नोझलमधून पाणी जास्त पडू शकते. चालण्याचा वेग जुनाच राहिला तर औषधाची मात्रा चुकते.

म्हणून टाकीत साधे पाणी भरून नोझलचे एका मिनिटाचे पाणी मापात धरावे. समजा ८०० मि.लि. आले. आपण मिनिटाला ४० मीटर चालता आणि फवाऱ्याचा पट्टा अर्धा मीटर आहे, तर मिनिटाला २० चौरस मीटर क्षेत्र होते. हेक्टरला ५०० मिनिटे, म्हणजे ४०० लिटर पाणी लागेल. औषधाचे प्रमाण या हिशेबाने, लेबलवरील शिफारशीप्रमाणे ठेवावे.

काही सावधगिरी

पॅक दिवसा, माणूस जागा असताना आणि चारा, कापूस, खतांची पोती यांपासून दूर चार्ज करावा. उन्हात तापलेला पॅक सावलीत निवल्यावरच चार्जिंगला लावावा. पॅकच्या डब्यात औषधाचे पाणी झिरपू देऊ नये. सेलमधून धूर येऊ लागल्यास मुख्य बटण बंद करून माणसांनी बाहेर पडावे. हा धूर विषारी असतो. पोते टाकून तो विझत नाही. शक्य असेल तर दुरून भरपूर पाणी मारावे. निकामी सेल उकिरड्यात किंवा शेकोटीत टाकू नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या दुकानदारामार्फत किंवा संकलन केंद्रात परत द्याव्यात.

बंधू-भगिनींनो, स्वतः पॅक जुळविण्याची हौस जरूर करा. फक्त ज्यांनी डाख दिलेला पॅक पंपात बसविला आहे, त्यांनी तो आज रात्री चार्जिंगला लावू नये, एवढी विनंती करून मी थांबतो.