क्नूथ आणि त्यांचं टेक

डोनाल्ड क्नूथ हे अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ. १९७७ साली त्यांच्या एका ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हाती आली आणि त्यातली अक्षरजुळणी पाहून ते खट्टू झाले. मग पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली: टेक. ती मूळ संहितेसह सर्वांना मोफत दिली. याच कामातून, प्रोग्राम माणसानं वाचावा असा, साहित्यकृतीसारखा लिहावा, हा विचार त्यांनी १९८४ साली मांडला. १९९० मध्ये मात्र टेकमध्ये नवी भर घालणं थांबवलं. यापुढं फक्त चुका दुरुस्त करायच्या. दुरुस्तीच्या प्रत्येक फेरीनंतर आवृत्तीचा क्रमांक गणितातल्या ‘पाय’ (π) या स्थिरांकाच्या किमतीकडे एका अंकानं सरकतो. आपलं काम पूर्ण झालं असं म्हणण्याचं हे धैर्य मला फार मोलाचं वाटतं. टेकच्या आधारानं आज देवनागरी मजकूरही सुबक जुळवता येतो.