मार्क्सचा वर्ग आणि आपला गाव
(भोर-वेल्हे भागातील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



भोर आणि वेल्हे या डोंगरी मुलखातील बौद्ध कुटुंबांपुढे कार्ल मार्क्सविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असे आपणांपैकी काहींना वाटेल. आपणांत १९५६ नंतर धम्म स्वीकारणाऱ्यांची मुले-नातवंडे आहेत, तशीच अगदी अलीकडे त्रिशरण-पंचशील ग्रहण केलेली घरेही आहेत. अशा घरी दोन प्रकारचे लोक येतात. एक सांगतो, धर्म बदलून पोट भरत नाही, खरा लढा वर्गाचा आहे. दुसरा सांगतो, मार्क्सचे नावही काढू नका, तो धर्माचा वैरी आहे. या दोघांनाही उत्तर देता यावे, म्हणून मी हा विषय घेतला आहे.

मार्क्सचे म्हणणे असे की, जमीन, यंत्रे आणि भांडवल ज्यांच्या हाती असते तो एक वर्ग. ज्यांच्याजवळ विकावयास केवळ अंगमेहनत उरते तो दुसरा. या दोहोंचे हित एक होऊ शकत नाही. हे खोटे आहे काय? आपल्याच उशाशी असलेले भाटघरचे धरण पाहा. वेळवंडी नदीवरचे हे धरण १९२८ साली पूर्ण झाले, तेव्हा भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. पाऊस या डोंगरांवर पडतो, पाणी या खोऱ्यात साठते. आणि नीरेच्या कालव्यांनी ते पुरंदर, बारामती, फलटणच्या शेतीला जाते. ऊस तिकडे उभा राहिला, आणि इकडचा माणूस मजुरीसाठी मुंबई-पुण्याची वाट धरता झाला. पाण्याची मालकी कोणाची, हा प्रश्न विचारावयास मार्क्स शिकवतो, आणि तो प्रश्न रास्त आहे.

परंतु याच धरणाशी आणखी एक प्रश्न विचारा. ज्याच्या नावे जमीन होती त्याचे काय बुडाले, ते कागद सांगतो. ज्याच्या नावे काहीच नव्हते त्याचे काय बुडाले, ते कोण सांगणार?

आता १८५३ सालाकडे वळू. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली, आणि ऑगस्टमध्ये लंडनमध्ये बसलेल्या मार्क्सचा हिंदुस्थानविषयीचा लेख न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात छापून आला. त्याचे अनुमान असे होते की, आगगाडीमागून आधुनिक कारखानदारी येईल, आणि जातींचा आधार असलेली वंशपरंपरागत कामाची वाटणी ती कारखानदारी मोडून टाकील. पुढे दहा वर्षांनी गाडी बोरघाट चढून वर आली. (इंग्रज त्याला 'भोर घाट' लिहीत, त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, तो घाट खंडाळ्याचा, आपल्या भोरचा नव्हे.) मुंबईत गिरण्याही निघाल्या. अनुमानाचा पूर्वार्ध अक्षरशः खरा ठरला.

उत्तरार्धाचे काय झाले? गिरणीत साचाखाते, म्हणजे विणकामाचे खाते, अधिक पगाराचे. तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि त्याच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावावा! ही बंदी प्रथम कोणी घातली? मालकाला तर माणूस हवा होता. बंदी चालविली ती शेजारच्या साच्यावरील कामगाराने. तोही मजूर, तोही चाळीत राहणारा, संपात उपाशी राहणारा. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले की, सर्व खाती आमच्या लोकांना खुली करण्याची मागणी घेणार नसाल, तर आमच्या लोकांना संपापासून दूर राहावयास सांगेन. मागणी घेतली गेली. तेव्हा मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. मालकांच्या तोंडून क्वचितच इतके खरे निघाले असेल!

जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले, त्यामागे हा अनुभव उभा आहे. आणि तरीही १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी शत्रू दोन सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांबरोबर एकदिवसीय संपही केला. दोहोंपैकी एकच शत्रू मोजणारा मनुष्य आपला हिशेब अर्धाच मांडतो.

मार्क्सच्या मजुराला एक स्वातंत्र्य तरी असते: पटले नाही तर काम सोडता येते. गावच्या महाराला तेही नव्हते. येसकरकी, मयताचा सांगावा, मेलेले जनावर ओढणे, सरकारी अंमलदाराची पडेल ती चाकरी. आणि बदल्यात वतनाचा तुकडा व दारोदारची भाकर. १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी सरकारी कागदात बांधली गेली. ती सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधेयक आणले; कायदा होण्यास १९५८ साल उजाडले. या मनुष्याला भांडवलदाराचा मजूर म्हणावे की जमीनदाराचे कूळ? पुस्तकात त्याला जागा नाही.

म्हणून मी म्हणतो, धर्मांतरानंतर गावोगाव आपल्या माणसांनी ढोरे ओढणे आणि भाकर मागणे बंद केले, तो संपच होता. त्याला युनियन नव्हती, संपनिधी नव्हता. बहिष्कार आला, पिठाची गिरणी बंद झाली, मजुरी बंद झाली. पोटाचा हिशेब पाहता तो संप होऊच नये. तो झाला, कारण आपण माणूस आहोत ही जाणीव आधी आली आणि भाकरीचा विचार मागून. पोट भरत नाही म्हणणाऱ्याला हे सांगा.

आता दुसऱ्याचे उत्तर. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेब बुद्ध आणि मार्क्स यांवरच बोलले. मार्क्सच्या मताचा पुष्कळ भाग काळाच्या आगीत जळाला, हे त्यांनी या विषयावरील लेखात मांडले; परंतु जे शिल्लक राहिले ते त्यांनी टाकले नाही. वर्गांच्या हितात विरोध आहे, आणि खासगी मालकी एकाला सत्ता व दुसऱ्याला दुःख देते, हे त्यांना मान्य होते. भिक्षूजवळ पात्र-चीवरासारख्या आठच वस्तू असाव्यात, हा संघाचा नियम त्यांनी पुढे केला. निर्धनाला धन न दिल्याने चोरी व हिंसा वाढते, हे चक्कवत्ति-सीहनाद सुत्त तर मार्क्सपूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षांचे. भेद मार्गाचा आहे: तेथे बळजोरी आणि हुकूमशाही, येथे मनःपरिवर्तन. रशियातील हुकूमशाही कोसळली तर राज्याच्या मालमत्तेसाठी तेथे झुंज लागेल, असे त्यांनी काठमांडूत बोलून दाखविले. १९९१ मध्ये ते राज्य मोडले. त्यांनी वर्तविलेला रक्तपात तितका झाला नाही, पण राज्याचे कारखाने, तेल आणि खाणी थोड्यांच्या हाती कशा गेल्या, ते जगाने पाहिले.

मार्क्सच्या नावाची भीती आपल्यातही होती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या ६ डिसेंबरपासून भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तेव्हा त्यांना कम्युनिस्ट ठरविणारे आपल्याच पक्षात निघाले. जमीन मागणे हा जणू परक्याचा विषय!

आपल्या घरी महार वतनाची जमीन असेल, तर तलाठ्याकडून सात-बारा काढून आणा. चाकरी गेली तेव्हा आकाराच्या पटीत पैसे भरून ती जमीन परत मिळाली, पण शर्तीने; जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. त्या उताऱ्यावर आपल्या नावाशेजारी छापलेले असते: भोगवटादार वर्ग २. परवानगी न घेता कोणी साठेखत, कुलमुखत्यारपत्र किंवा संमतिपत्र पुढे केले, तर सही करण्यापूर्वी तो शब्द त्याला वाचून दाखवा.