हरिपूरच्या पेवांच्या गावी आपलं स्वागत



काल रात्री साडेअकरापर्यंत आमची पोरं स्टेशनवर उभी होती. शेवटचे पाहुणे खोलीवर पोहोचल्याचा फोन आला, तेव्हा मी पाठ टेकली. पहाटे चारला पुन्हा उठलो, कारण वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी भरली की नाही हे बघायचं राहिलं होतं. टाकी भरली होती. आपण सगळे सुखरूप आलात, चहा घेऊन वेळेवर सभागृहात बसलात, हे समोर बघताना मला किती समाधान वाटतंय, ते शब्दांत सांगता येणार नाही. स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो.

मी हळदीचा अडत्या. आमची ही तिसरी पिढी. सीपीईचे तास, म्हणजे सनदी लेखापालांच्या सततच्या व्यावसायिक शिक्षणाचे तास, आणि ते मोजणारं सॉफ्टवेअर हा आपल्या परिषदेचा विषय. तो मला माझ्या धाकट्या सुनेनं समजावून सांगितला. ती सीए आहे आणि आज मागच्या रांगेत बसली आहे. तिच्याकडून जे शिकलो ते पुढे सांगेनच. पण आधी आपण कोणत्या गावात आला आहात, ते सांगू द्या. स्वागताध्यक्षाचा तेवढा हक्क आहे.

सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात. खरंखोटं कृष्णामाई जाणे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले, त्यांनी इथे राजधानी केली आणि या गल्ल्यांचं गाव झालं. गणेशदुर्ग उभा राहिला, नदीकाठी गणपतीचं देऊळ उभं राहिलं. आजही सांगलीत नव्या वहीचं, नव्या दुकानाचं, नव्या गाडीचं पहिलं दर्शन तिथेच होतं. परिषदेच्या निमंत्रणाची पहिली प्रतही आम्ही तिथेच ठेवली.

याच आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. नाट्यपंढरी हे नाव आम्हाला तिथून मिळालं. पण भाव्यांची पुढची हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते. १८५१ साली आप्पासाहेब वारले, राजाश्रय संपला, डोक्यावर कर्ज राहिलं. हा माणूस मंडळी घेऊन गावोगाव फिरला. १८५३ मध्ये त्यानं मुंबईत खेळ केले. त्या नाटकांत सूत्रधाराची पदं रचलेली असत, पण पात्रांची भाषणं आयत्या वेळची, उत्स्फूर्त. कुणी ती लिहून ठेवली नाहीत. ‘सीतास्वयंवर’ झालं तेव्हा राजवाड्यात रावण काय बोलला आणि लोक कशाला हसले, ते सगळं हवेत विरलं. उरलं ते भाव्यांनी स्वतः कागदावर उतरवलेलं. १८८५ साली त्यांनी आपल्या पदांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला आणि त्याच्या प्रस्तावनेत आपली हकीकत मांडली. आज आपण अभिमानानं सांगतो त्यातलं बरंचसं त्यांनीच लिहून ठेवलं म्हणून कळतं. हिशेबाच्या लोकांसमोर मला हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.

नाटककार देवल हरिपूरचे, नाटककार खाडिलकर सांगलीचे, क्रिकेटपटू विजय हजारे सांगलीचे, बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर सांगलीचे. विलिंग्डन महाविद्यालय १९१९चं, आयर्विन पूल १९२९चा. एकेकावर तासभर बोलता येईल, पण माझा जीव अडकलाय तो पेवांत. म्हणून हरिपूरला जातो.

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा आणि वारणा जिथे एकमेकींना भेटतात, तिथे हरिपूर आहे. तिथली माती अशी की पंचवीस फूट खड्डा खणला तरी बाजू ढासळत नाहीत. आमच्या वाडवडिलांनी हे कधी ओळखलं कोण जाणे, पण त्यांनी त्या मातीत हळदीची कोठारं केली. तीच पेवं. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. खाली पोट मोठं, रांजणासारखं. आतून सारवायचं, तळाला आणि कडेनं पाला लावायचा आणि हळद ओतायची. तोंड बंद करून वर माती लोटायची. मग दोन वर्षं जावोत, चार जावोत. कीड लागत नसे, रंग उतरत नसे. भाव पडले की हळद जमिनीत झोपे, भाव चढले की उठे. शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला थांबता येण्याची ताकद या पेवांनी दिली. सांगलीचं नाव हळदीच्या बाजारात देशभर गेलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला पहिली आठवण पेवांची झाली.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आजोबांबरोबर पेव उघडायला गेलो होतो. वरची माती बाजूला केली, झाकण काढलं आणि सगळे लांब जाऊन बसले. मला वाटलं, आता लगेच उतरतील. पण कुणी हलेना. बराच वेळ गेल्यावर एका हमालानं दोरीला कंदील बांधून आत सोडला. ज्योत बारीक झाली, मग विझली. पुन्हा थांबले. दुसऱ्यांदा सोडला तेव्हा तळापर्यंत कंदील जळत राहिला, आणि मगच तो माणूस कमरेला दोर बांधून उतरला. बंद पेवात हवा कोंडलेली असते, घाईनं उतरणाऱ्याचा जीव जातो. तो हमाल वर आला तेव्हा पापण्यांपर्यंत पिवळा झाला होता. या माणसांची नावं कुठल्या इतिहासात नाहीत, आमच्या वहीतही फक्त हजेरीच्या खुणा होत्या. सांगलीचं सोनं ज्यांनी जमिनीतून वर काढलं त्या सगळ्यांना मी आज या व्यासपीठावरून नमस्कार करतो.

आता वहीबद्दल. पेव बुजवलं की वरून काही दिसत नाही. पाऊस पडला, गवत उगवलं की नुसतं रान. कोणत्या बांधापासून किती पावलांवर कोणतं पेव, त्यात कुणाची किती पोती, कधी बुजवलं, हे सगळं पेवाच्या वहीत. आजोबा ती नोंद त्याच दिवशी, हात धुवायच्या आधी करत. त्या पानांना कडेनं पिवळे ठसे होते. आणि त्या वहीची नक्कल घरच्या कपाटात असे. एक पेढीवर, एक घरी. आजोबा गेले, आणि नक्कल करायची सवय आमच्या हातून सुटली.

२००५च्या महापुरात हरिपूरची पेवं पाण्याखाली गेली, ढासळली. तो व्यवहार पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. हळद गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याहून मोठं पाणी आलं. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी धरतात, त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आमच्या नगर वाचनालयातले हजारो ग्रंथ चिखल झाले. आमचं घर गावभागात. आजोबांची पेवाची वही खालच्या कपाटात होती.

आणि त्याच कपाटात माझ्या सुनेची फाइल होती. पाणी ओसरल्यावर तिनं एकेक कागद सुटा करून दोरीवर वाळत घातला, वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली. छापलेली प्रमाणपत्रं वाचता येत होती. शाईच्या सह्यांचे निळे डाग झाले होते. ती म्हणाली, “बाबा, जे तास आयोजकांनी पोर्टलवर चढवलेत, त्यांना काही झालं नाही. पण मी घरी वाचून, अभ्यासगटात बसून केलेल्याची टिपणं वहीत होती. ती गेली.” २०१९ हे तास पुरे करायच्या तिच्या तीन वर्षांच्या ब्लॉकचं शेवटचं वर्ष होतं.

त्या दिवशी मला आपला विषय कळला. पुढे तिनं मला सगळं नीट सांगितलं. २०२३ ते २०२५ या ब्लॉकला सीओपी, म्हणजे व्यवसायाचं प्रमाणपत्र, असलेल्या साठीच्या आतल्या सदस्याला एकशेवीस तास होते, त्यातले साठ स्ट्रक्चर्ड, म्हणजे ठरलेल्या वर्गांतले, आणि दरवर्षी किमान वीस. जगभरच्या लेखापालांच्या शैक्षणिक मानकातही पूर्वी हेच तीन वर्षांत एकशेवीसचं माप होतं, आणि त्यातले साठ पडताळता येण्याजोगे असावेत असं म्हटलं होतं. ‘पडताळता येण्याजोगे’ हा शब्द मला फार आवडला. वही त्यासाठीच असते.

आज आणि उद्या आपण वेगवेगळी सॉफ्टवेअर बघणार आहात. सभासद क्रमांक टाकला की कुणाचे किती तास झाले, किती राहिले, त्यातले स्ट्रक्चर्ड किती, प्रमाणपत्राची प्रत कुठे आहे, हे फर्मच्या सगळ्या भागीदारांसाठी एका पडद्यावर दिसेल असं मला कळलं. चांगलंच आहे. माझी आपल्याला हात जोडून एकच विनंती आहे. हे सॉफ्टवेअर तुम्हाला डिसेंबरात तास कमी आहेत म्हणून सांगणार असेल, तर त्याचा उपयोग थोडा. आधी कंदील, मग माणूस. ते जूनमध्ये, सप्टेंबरात सांगणारं असलं पाहिजे, म्हणजे जो विषय खरोखर शिकायचाय त्याचाच वर्ग निवडता येईल, वर्षअखेरीला मिळेल त्या वर्गात बसायची वेळ येणार नाही. घरी वाचलेल्याची नोंद त्याच संध्याकाळी चढवा. आणि कंपनीच्या सर्व्हरवर कितीही सुरक्षित असलं तरी आपली एक नक्कल आपल्याजवळ उतरवून घेता येते का, हे विकत घेण्याआधी विचारा. मी आजोबांचं ऐकलं असतं तर ती वही आज इथे आपल्याला दाखवायला आणली असती.

आता व्यवस्थेबद्दल. नव्या हळदीचे सौदे जोरात आहेत, त्यामुळे मार्केट यार्डाच्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी असेल. यायला-जायला पंधरा मिनिटं जास्त धरा. हॉटेलातल्या खोल्या आपल्या संख्येपुढे अपुऱ्या पडल्या, म्हणून काही पाहुण्यांची सोय आम्ही घरांमध्ये केली आहे. तिथे गैरसोय झाली असेल तर ती त्या घरच्यांची नसून माझ्या नियोजनाची आहे, मला मोठ्या मनानं क्षमा करा. गरम पाणी सकाळी सातनंतर हळू येतं. सभागृहाचा ध्वनिक्षेपक काल दुपारी दोनदा बंद पडला होता, तो बदलला आहे. हजेरीसाठी दारात क्यूआर कोड आहे, पण भिंती जाड असल्यानं आत मोबाइलला रेंज कमी मिळते. ज्यांचं स्कॅन होणार नाही, त्यांची नोंद दारातली आर्टिकलशिप करणारी दोन मुलं रजिस्टरात घेतील आणि आज रात्रीच पोर्टलवर चढवतील. एकाचाही एक तास बुडणार नाही, हा शब्द मी स्वतः देतो. जेवणात हुलग्याचं माडगं, भाकरी, भरलं वांगं आणि खर्डा आहे. ज्यांना तिखट चालत नाही त्यांच्यासाठी वेगळं पान आहे, लाजू नका, मागा. वयस्कर पाहुण्यांना जिना चढावा लागतोय, हे माझ्या मनाला लागलं आहे. लिफ्टचं काम परिषदेआधी पुरं होईल असं सांगितलं होतं, ते झालं नाही.

आभार मानायचे आहेत ते मनापासून. देणगीदारांची नावं दारातल्या फलकावर आहेत आणि प्रत्येकानं ती वाचावीत असा माझा आग्रह आहे. गणपती पेठेतल्या अडत पेढ्यांनी सौद्यांच्या हंगामात, हाताशी रोकड लागत असताना, पहिल्याच बैठकीत आकडे लिहून दिले. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांनी प्रत्येक पाहुण्यासाठी पाव किलो बेदाणा दिला आहे. भडंग करणाऱ्या एका कुटुंबानं दोन दिवसांच्या चहाबरोबरचा भडंग फुकट दिला, आणि फलकावर नाव घालू नका म्हणून बजावलं. त्यांची अट मी पाळतोय, पण भडंग खाताना त्यांची आठवण ठेवा. मंडपवाल्यांनी खुर्च्यांचं भाडं घेतलं नाही. ज्या शाळेनं वर्गखोल्या दिल्या, तिच्या शिक्षिकांनी शनिवारी थांबून बाकं हलवली. २०१९ला बोटी घेऊन आलेली गावभागातली पोरं आज पार्किंग सांभाळताहेत. आपल्या घराच्या खोल्या पाहुण्यांना दिलेल्या भगिनींचे आभार कसे मानावेत हे मला कळत नाही. त्यातल्या एकीनं पाहुणे सकाळी लवकर निघणार म्हणून काल रात्रीच उपम्याची तयारी करून ठेवली. आणि माझी सून. या परिषदेच्या प्रत्येक कागदाची एक नक्कल तिच्याकडे आहे.

उद्या सकाळी साडेसहाला इथूनच हरिपूरला दोन गाड्या निघतील. संगमेश्वराचं दर्शन होईल, संगम दिसेल, आणि जुन्या पेवांची जागा मी स्वतः दाखवीन. चप्पल नको, बूट घाला, रानात काटे आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या सुट्टीत दारातल्या मुलांकडे नाव लिहून द्या. जागा नव्वदच आहेत.