पेटलेला दिवा

काही वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने मी महाराष्ट्राबाहेर, मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याच्या गावी होतो. तेथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्र्यांचा, म्हणजे इलेक्ट्रिशियनचे काम शिकणाऱ्या मुलांचा एक वर्ग होता. त्या वर्गाचा निकाल लागोपाठ दोन वर्षे खाली आला होता, आणि तो का खाली आला याचा जाब विचारणारे पत्र माझ्याच सहीने संस्थेकडे गेले होते. पत्राला जे उत्तर आले ते अशा पत्रांना नेहमी येते तसेच होते. तेव्हा प्रत्यक्षच जाऊन पाहावे, असे मी ठरवले. मी भाषाविषयाचा एम. ए.; विजेच्या तारांचे माझे ज्ञान घरातील बटण दाबण्यापलीकडे फारसे नाही. पण तपासणीसाठी जाणाऱ्या अधिकाऱ्याला विषय समजलाच पाहिजे, असा सरकारचा आग्रह नसतो.

श्रोतेहो, त्या दिवशी कार्यशाळेत परीक्षा घेत होता तो स्वतःच एक शिकाऊ शिक्षक होता. आपल्या देशात कारागिरांच्या प्रशिक्षणाची ही योजना १९५० साली सुरू झाली. तिच्या परीक्षांना आणि प्रमाणपत्रांना देशभर एकच माप लागावे म्हणून १९५६ साली एक राष्ट्रीय परिषद नेमण्यात आली. तिची जागा आता २०१८ साली घोषित झालेल्या नव्या परिषदेने घेतली आहे. मुलांना शिकवणाऱ्यांसाठीही एक वर्षाचा निराळा अभ्यासक्रम आहे. त्यात आपल्या व्यवसायाचे ज्ञान पक्के करायचे असते, आणि ते दुसऱ्याला कसे द्यावे हेही शिकायचे असते. पाठाच्या चार पायऱ्या सांगितलेल्या असतात. आधी मुलांचे मन तयार करावे, मग विषय मांडावा, मग तो त्यांच्या हातून करवून घ्यावा, आणि शेवटी किती उतरला ते तपासावे. पहिल्या तीन पायऱ्यांची तालीम मन लावून होते. चौथीची वेळ येते तेव्हा बहुधा तास संपत आलेला असतो.

आमचा हा तरुण बऱ्हाणपूरकडच्या एका मराठी कुटुंबातला होता. त्याचा सराव त्या संस्थेत चालला होता. मुलांना काम दिले होते ते जिन्यावरील दिव्याचे. एक दिवा, दोन बटणे. जिन्याच्या खालच्या बटणाने लावावा, वरच्या बटणाने मालवावा, आणि उलटही करता यावे. लाकडी फळीवर नळ्या, बटणे आणि होल्डर बसवून मुलांनी ही जोडणी करायची होती. मी पोचलो तेव्हा फळ्या तयार होऊन भिंतीशी मांडल्या होत्या, आणि तो तरुण गुणपत्रक घेऊन एकेका फळीपाशी थांबत होता. बटण दाबावे, दिवा पेटतो का पाहावे, दुसरे दाबावे, मालवतो का पाहावे, चार प्रश्न विचारावे, आकडा मांडावा.

एका मुलाची फळी पाहून मीदेखील थांबलो. नळ्या सुतात आखल्यासारख्या, वाक सुरेख, एकही तार बाहेर डोकावत नव्हती. दिवा दोन्ही बटणांना आज्ञाधारकपणे जुमानत होता. दोन बटणांच्या जोडणीची व्याख्या मुलाने पुस्तकात असते तशी घडाघडा म्हटली. शंभरापैकी अठ्ठ्याऐंशी गुण मांडले गेले. शेजारच्या फळीची कळा अगदी निराळी होती. नळी तिरपी, तारा ओढाताण झालेल्या. दिवा तिथेही पेटत होता, पण मुलाला व्याख्या येईना. तो खाली मान घालून उभा राहिला. गुण पडले चोपन्न. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला साठ लागतात. लेखी विषयांना तेहतीस पुरतात. प्रात्यक्षिकाला जवळजवळ दुप्पट. ज्यांनी हा नियम केला त्यांना हाताचे मोल ठाऊक होते, एवढे मात्र म्हटले पाहिजे.

इतक्यात त्या वर्गाचे जुने निदेशक आत आले. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेले, अबोल गृहस्थ. गुणपत्रकावर त्यांनी नजर टाकली आणि पहिल्या मुलाला एक प्रश्न विचारला. संवाद हिंदीत चालला होता, तो मी मराठीत सांगतो.

“बेटा, हा दिवा तुझ्या घरच्या जिन्यावर आहे असे समज. बल्ब गेला. आईने बटण बंद केले आणि स्टुलावर चढून जुना बल्ब काढला. तिचे बोट होल्डरच्या आत लागले, तर काय होईल?”

“काही नाही सर. बटण बंद आहे ना.”

मग तोच प्रश्न दुसऱ्याला. तो जरा वेळ फळीकडे पाहत राहिला. म्हणाला, “काही नाही सर. करंट बटणापाशीच अडलाय, तो होल्डरपर्यंत पोचतच नाही.”

दोघांची उत्तरे माझ्या कानांना सारखीच वाटली. निदेशकांनी पहिल्या फळीवरचा दिवा मालवला, बल्ब काढला, आणि खिशातला टेस्टर होल्डरमध्ये टेकवला. टेस्टर लखलखला. शेजारच्या, त्या तिरप्या फळीवर तेच केले. टेस्टर अंधाराच राहिला.

माझ्यासारख्या अनभिज्ञासाठी त्यांनी उलगडा केला तो असा. विजेच्या दोन तारांपैकी एक फेजची, तिच्यात घरगुती जोडणीला २३० व्होल्टचा दाब. दुसरी न्यूट्रलची, परतीची वाट. बटण फेजच्या तारेवरच बसवावे लागते, म्हणजे ते बंद केले की दिव्यापर्यंतचा प्रवाहच तुटतो. पहिल्या मुलाने तारांची अदलाबदल केली होती. त्याची दोन्ही बटणे न्यूट्रलवर बसली होती. अशा जोडणीतही दिवा पेटतो, मालवतो, दोन्ही बटणांना जुमानतो. उणीव डोळ्यांना दिसतच नाही. दिवा मालवलेला असताना होल्डर मात्र जिवंत राहतो, आणि माणूस निर्धास्तपणे त्यात बोट घालतो.

त्या तरुण शिक्षकाचा चेहरा पडला. तो हुशार होता, कामातही कसबी होता. मग त्याचे चुकले कोठे? त्याने तयार वस्तू तपासली, ती तयार करणारा हात पाहिलाच नाही. मुले तारा जोडत होती तेव्हा तो त्यांच्यामागे उभा असता, तर लाल तार कोणत्या टोकाला जाते आहे हे त्याला तेव्हाच दिसले असते. तो तेथे नव्हता, कारण आदल्या तासाला तो टेबलाशी बसून साहेबांना दाखवायची गुणपत्रके स्वच्छ अक्षरात उतरवीत होता. तो साहेब मी. हे त्याने मला सांगितले नाही. दुपारी चहाच्या वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी बोलण्यातून ते बाहेर आले.

पूर्वीच्या कारखान्यांत उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्याला परीक्षा अशी नव्हतीच. उस्ताद वर्षानुवर्षे शेजारीच काम करीत असे. पोराने हातोडा कसा धरला, चुकल्यावर लपवले की सांगितले, हे सारे त्याच्या डोळ्यांदेखत घडत असे. त्या पद्धतीत अन्यायही पुष्कळ होता. उस्तादाची मर्जी नसली की पोराचे आयुष्य पाणी भरण्यात जाई. ती मर्जी जाऊन तिच्या जागी नियम आले, हे चांगलेच झाले. आजच्या गुणपत्रकात सुरक्षिततेची जाणीव, अवजारे हाताळण्याचे कसब, साहित्याची काटकसर, वेग, कामाची सफाई, तोंडी प्रश्न असे दहा रकाने असतात. रकाने विचारपूर्वक केलेले आहेत. पण वीस मुलांची तुकडी म्हणजे दोनशे आकडे झाले. ते काम संपल्यावर एका बैठकीत भरले, की सगळीकडे सात आणि आठ दिसू लागतात. ज्याची फळी देखणी, त्याचा सुरक्षिततेचा आकडाही आपोआप देखणा होतो.

आणि शेवटी त्या दहांची बेरीज! शाळेतील विषयांत बेरीज शोभते. इतिहासात कच्चा असलेला मुलगा भूगोलात तरला तर कोणाचे बिघडत नाही. पण उलटी तार आणि सुरेख नळी यांची बेरीज करायची कशी? सफाईला पैकीच्या पैकी आणि सुरक्षिततेला शून्य मिळूनही मुलगा सहज उत्तीर्ण होऊ शकतो, आणि प्रमाणपत्र घेऊन कोणाच्या तरी जिन्यावर दिवा बसवायला निघतो. काही चुका अशा असतात की त्या आढळल्या म्हणजे बेरीज तेथेच थांबवली पाहिजे. काम पुन्हा करून घ्यावे, मग आकडे मांडावेत. हे मी निदेशकांना म्हणालो तेव्हा ते हसले. “साहेब, आम्ही थांबवतो. मग निकाल खाली येतो,” एवढेच ते म्हणाले. माझ्या पत्राचा त्यांनी उल्लेख केला नाही.

दुसऱ्या मुलाविषयीही मला थोडे सांगायचे आहे. त्याला व्याख्या आली नाही, म्हणून त्याला ज्ञान नाही असे आपण ठरवून मोकळे होतो. त्याचे ज्ञान त्याच्या बोलीत होते. पुस्तकाच्या भाषेतला प्रश्न तिथवर पोचलाच नव्हता. आईचे बोट होल्डरमध्ये घातले तेव्हा ते बाहेर आले. लेखी परीक्षा अलीकडे संगणकावर होऊ लागली आहे. ती वेगवान आहे, पक्षपातही करीत नाही. परंतु एक प्रश्न कळला नाही तर तोच दुसऱ्या तऱ्हेने विचारून पाहावा, हे अजून समोरच्या माणसालाच सुचते. शिकाऊ शिक्षकाने पाठ कसा मांडावा याची टिपणे जितक्या कष्टाने काढावीत, तितक्याच कष्टाने असे पाच-सहा प्रश्न घरून लिहून आणावेत, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले आहे.

मात्र त्या मुलाची पाठ थोपटून निदेशक थांबले नाहीत. त्यांनी त्याची फळी उघडून दाखवली. एके ठिकाणी तारेचे वेष्टन गरजेपेक्षा बोटभर अधिक सोलले होते. “हेही उघडे तांबे आहे,” ते म्हणाले. त्याला ते बदलायला लावले, नळी पुन्हा सरळ बसवायला लावली. पहिल्या मुलाने जोडणी सोडून नव्याने केली. या वेळी शिकाऊ शिक्षक आणि मी, दोघेही त्याच्या मागे उभे होतो. माझ्या उभे राहण्याचा उपयोग शून्य होता, पण मला बसवेना.

ते पत्र मला परत घेता आले नाही. आवक नोंदीत चढलेला कागद परत येत नसतो. त्याच्यामागे मी दुसरे धाडले. त्यात उत्तीर्णांच्या टक्केवारीऐवजी किती कामे पुन्हा करवून घेतली आणि कोणत्या चुकीसाठी, एवढेच विचारले होते. वरच्या कार्यालयाने पुढच्या वर्षी टक्केवारीच मागितली, ती मी पाठवली.

संध्याकाळी निघताना तो तरुण गुणपत्रक घेऊन माझ्याकडे आला. आकडे शाईने मांडलेले होते. खाडाखोड करायची तर अधिकाऱ्याची सही हवी, आणि कारण लिहायला छापील कागदात रकानाच नव्हता. मी समासाकडे बोट दाखवले. त्याने अठ्ठ्याऐंशीवर रेघ मारली आणि बारीक अक्षरात लिहिले, “बटण न्यूट्रलवर. काम पुन्हा करून घेतले. पाहिले.” खाली त्याने तारीख घातली, आणि मी सही केली.