रिटॉर्ट कुठे आहे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषेचा आणि इतिहासाचा शिक्षक. रसायनशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. पण अकरावीतल्या एका मुलाने मला त्या विषयाच्या उंबरठ्यापर्यंत ओढत नेले, त्याची ही हकीकत आहे.

हा मुलगा पहिल्या चाचणीत रसायनशास्त्रात नापास झाला. त्याचे वडील मला भेटले. "सर, हा रात्र रात्र कॉम्प्युटरवर खेळत बसतो. उचलून कपाटात बंद करतो," म्हणाले. मी वर्गशिक्षक. मुलाला एक शब्द न विचारता मी म्हटले, "अवश्य करा." कॉम्प्युटर कपाटात गेला, आणि मुलगा माझ्याशी हजेरीपुरते बोलू लागला.

पुढे एकदा काही कामासाठी मी प्रयोगशाळेत गेलो होतो. नळ्या धरून ठेवण्याची लोखंडी दांडी तुम्ही सर्वांनी पाहिली असेल. तिच्याकडे बोट करून त्याने विज्ञानाच्या सरांना विचारले, "सर, याला रिटॉर्ट स्टँड म्हणतात, तर रिटॉर्ट कुठे आहे?" सरांनी दोन कपाटे उघडली. रिटॉर्ट नव्हता. मुलाने वहीच्या मागच्या पानावर चित्र काढले : बगळ्यासारखी मान वाकवलेला काचेचा चंबू. मी विचारले, "तू हा कुठे पाहिलास?" तो म्हणाला, "माझ्या घरात चार आहेत, सर."

ते घर खेळातले होते. 'ऑब्लिव्हियन' नावाचा हा खेळ २००६ साली निघाला आणि २०२५ मध्ये नव्या रूपात पुन्हा आला. (अमेरिकेत तो सतरा वर्षांवरील खेळाडूंसाठी ठरवला आहे. तेव्हा धाकट्या भावंडांना शेजारी बसवू नये, हे जाता जाता सांगतो.) त्यात एक काल्पनिक साम्राज्य आहे. राजधानीच्या बंदरावर दोन हजार मोहरांना एक झोपडी विकत मिळते. ती या मुलाने घेतली होती आणि जुन्या किमयागारांच्या उपकरणांनी सजवली होती. उपकरणे चार प्रकारची : खलबत्ता, कॅल्सिनेटर, अलेंबिक आणि रिटॉर्ट. प्रत्येकाच्या शिकाऊपासून उस्तादापर्यंत पाच प्रती. वनस्पती कुटायला खलबत्ता लागतोच. कॅल्सिनेटरने काढ्याचा जोर वाढतो, रिटॉर्टने गुण वाढतो, अलेंबिकने अपाय घटतो. दुसऱ्याच्या मालकीचे भांडे उचलले तर खेळातही ती चोरीच ठरते. म्हणून हा मुलगा गुहा धुंडाळायचा, दुकाने पालथी घालायचा. मांडणी तर फारच अवघड. फळीवर दोन संध्याकाळी खपून लावलेली भांडी एका धक्क्याने खोलीभर उडतात. ती पुन्हा लावायची. एवढी चिकाटी या मुलात आहे, हे माझ्या प्रगतिपुस्तकात कुठेही लिहिलेले नव्हते.

मी घरी जाऊन शब्दकोश काढला. अलेंबिक हा शब्द अरबी 'अल्-अंबीक'वरून आलेला. पण लगेच छाती फुगवू नका, तो अरबीत ग्रीकमधून आला. ग्रीकांचा 'अंबिक्स' अरबांनी घेतला, सुधारला आणि पुढे युरोपला दिला. इ. स. ११४४ मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टर याने किमयेवरचा एक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणला, आणि त्यानंतर अशी भाषांतरे होत राहिली. अंबीक म्हणजे खरे तर वरचे टोपण, चोच असलेले. खालच्या भांड्याला अरबीत 'करअ' म्हणजे भोपळा म्हणत. लॅटिनमध्येही त्याचे नाव भोपळाच राहिले. किमयागाराची मंद भट्टी 'अथानोर', ती 'अल्-तन्नूर'वरून. ज्या तंदूरमधली रोटी आपण खातो, तोच हा शब्द! शाळेतला 'अल्कली' आणि नको असलेला 'अल्कोहोल' हेही अरबीच. त्यातला 'कुहल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. आपल्या मराठीतली 'किमया'सुद्धा त्याच घरची.

इराणातल्या रय गावचा अबू बक्र अल्-राझी हा नववे-दहावे शतक गाठलेला हकीम. त्याने 'किताबुल् असरार' या ग्रंथात पदार्थ, उपकरणे आणि क्रिया असे भाग पाडून लिहिले. नावाने तो रहस्यांचा ग्रंथ आहे, पण आत मुशी, चिमटे, कात्री, भट्टी यांची यादी आहे. सोने करण्याची आशा या लोकांना होती, हे लपवण्याचे कारण नाही. इब्न सीनाने मात्र एका धातूचा दुसरा धातू होत नाही असे स्पष्ट लिहिले. सोने झाले नाही, पण ऊर्ध्वपातनाची भांडी उरली. खरी जुनी भांडी आज थोडीच सापडतात, कारण काच फुटते. ऑस्ट्रियात ओबरस्टॉकस्टाल येथे १९८० साली सोळाव्या शतकातली एक किमयाशाळा जमिनीखाली मिळाली, तेथे हाती आली ती मुख्यतः फुटकी, भाजलेली भांडी. खेळातल्या फळीवरच्यासारखी चकचकीत नव्हेत.

एवढे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. मुलाने काढलेले अलेंबिकचे चित्र घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. वडिलांचा अत्तराचा छोटा धंदा आहे. त्यांनी चित्र उलटसुलट केले आणि म्हणाले, "हा तर भपका." तरुणपणी ते कनौजला माल आणायला जात. तेथे तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरते. भपका पाण्याच्या हौदात ठेवलेला, त्याच्या तळाशी चंदनाचे तेल. हात लावून हौदाचे पाणी किती तापले ते पाहायचे आणि बदलायचे. हे सारे ते मला सांगत होते, पण पाहत होते मुलाकडे. मुलाने सतरा वर्षांत हे ऐकलेच नव्हते, कारण त्याने विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते.

मी वडिलांना म्हटले, "तुम्हाला दिलेला सल्ला मी घाईने दिला. माझे चुकले." हे मुलासमोर म्हणायला जड गेले, पण म्हटले. कॉम्प्युटर बाहेर निघाला. शनिवारी-रविवारी दोन तास, असे ठरले. दुसऱ्या चाचणीत मुलगा काठावर पास झाला, त्याहून अधिक काही नाही.

त्या दिवशी निघताना वडील पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले होते. मुलगा फळीवरची भांडी दाखवत होता. त्यांनी विचारले, "यात गुलाबाचे अत्तर निघते का?"

"नाही, अब्बा. नुसते काढे होतात."

"मग एवढा भपका घेतलास कशाला?" ते म्हणाले, आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.