शेवटच्या घराची घटका
(घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांपुढें केलेलें भाषण)





डॉ. सिसिली साँडर्स यांनीं १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलें. मुंबईस वांद्र्यांत १९८६ सालीं शांति आवेदना सदन झालें; आणि पुण्यांत वारज्यास सिप्लाचें उपशामक सेवेचें केंद्र १९९७ सालीं सुरू झालें. परंतु खाटा मोजक्या, आणि आपल्याच घरीं डोळे मिटावे ही इच्छा तर कित्येकांची. म्हणून परिचारिकेस दारोदार जाणें आलें.

सदाशिव पेठेचेंच उदाहरण घ्या. अरुंद जिने, गाडी ठेवावयास जागा नाहीं. कित्येक घरांत मुलें परदेशीं आणि मागें दोघेंच वृद्ध. परिचारिका आली कीं लेक आल्यासारखें वाटतें. "ताई, थोडं बसा ना," असें म्हटल्यावर उठावें कसें?

आम्हींही हा अनुभव घेतला आहे. एकदां चहाचा आग्रह मोडवेना, म्हणून एका घरीं अर्धा तास अधिक बसलों. पुढच्या घरीं पोहोंचलों तों आजोबांची शुद्ध हरपली होती. "सकाळपासून आपली वाट पाहत होते, फादर," एवढेंच आजी म्हणाल्या. त्या शब्दांत रोष नव्हता. म्हणूनच ते आजही बोचतात. पहिल्या घरीं दिलेली जादा घटका आपली नसते. ती शेवटच्या घराची असते.

यास्तव भेटीला माप असावें. पहिल्या भेटीस तास-दीड तास लागेल. नेहमींच्या भेटीस पाऊण तास पुरावा. आणि प्राण कंठाशीं आले असतां घड्याळ पाहूं नये. काम वांटणाऱ्यांनींही केवळ घरें मोजूं नयेत. दुखण्याची तीव्रता, रस्ता, जिने आणि रात्रीं लिहावयाच्या नोंदी, हें सर्व कामच आहे.

घरांत जातांच आपणांस किती वेळ आहे तें सांगावें, आणि बसावें. रोग्यास मान न वळवितां आपण दिसूं अशा ठिकाणीं बसावें, हें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं एकोणिसाव्या शतकांतच बजावलें आहे. "सर्वांत अधिक त्रास कशाचा होतो?" हें प्रथम विचारावें, नाहीं तर खरें उत्तर निघतेवेळीं उंबऱ्याशीं मिळतें. घरच्यांस हाताशीं घ्यावें: थोड्या थोड्या तासांनीं कूस बदलणें, तोंड स्वच्छ व ओलें ठेवणें, डॉक्टरांनीं दिलेलें मॉर्फिन वेळच्या वेळीं देणें, आणि त्यानें होणाऱ्या मलावरोधावरचें औषध न विसरणें. घरचे हात शिकले कीं दोन भेटींमधलें भय ओसरतें. उठतांना पुढची भेट केव्हां तें सांगावें, आणि पाळावें.

भगिनींनो, आपल्याही देहाला माप आहे. सदाशिव पेठेंतील कांहीं दुकानें दुपारीं एक ते चार बंद, म्हणून लोक थट्टा करितात. पण विसावा म्हणजे आळस नव्हे, हें त्या दुकानदारांस कळलें तें परिचारिकेस कळूं नये काय? लोकांची रीघ लागली असतां प्रभु येशूनेंही आपल्या शिष्यांस एकांतीं विसाव्यासाठीं नेलें.

आपल्या फेरींतील शेवटच्या दुखणाइतासही आपला हात पहिल्याइतकाच मृदु लागो, हीच आमची प्रार्थना.