वक्तृत्व आणि पुंजसिद्धांत



आजचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. युनियनचा माणूस बोनसवर बोलेल, महागाईवर बोलेल. तो पुंजसिद्धांतावर काय बोलणार? शंका रास्त आहे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे सारे शिक्षण कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात झाले. पण या विषयाकडे आम्हांस वळवले ते आमच्याच एका फसलेल्या भाषणाने.

गोष्ट 2012 सालची. पॉवर प्रेसचे काम चालणाऱ्या एका कारखान्याच्या गेटवर आमची सभा होती. आम्ही तासभर बोललो. परदेशी भांडवल, कंत्राटी पद्धत, कामगार कायदे. काही म्हणून सोडले नाही. लोक चुळबुळ करू लागले, तसा आम्ही आवाज चढवला. पाळी सुटलेली माणसे एकेक करून बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली. उत्पादन वाढावे म्हणून तेथे प्रेसवरचे सुरक्षा-सेन्सर बंद करून ठेवले होते. हे आम्हांस ठाऊक होते. आमच्या टिपणात ती ओळ सर्वांत शेवटी होती, आणि तिथवर आम्ही पोचलोच नाही. आठ दिवसांनी एका तरुण कामगाराची दोन बोटे प्रेसखाली गेली.

हा सेन्सर प्रकाशावर चालतो. डोळ्यांना न दिसणारे किरण प्रेसच्या तोंडापुढून आडवे जातात. हात मध्ये आला की किरण अडतो आणि प्रेस थांबते. प्रकाशातून वीज कशी हलते, हे समजून घेण्यासाठी आम्ही पुस्तके उघडली, आणि आमच्या भाषणाची चूक आम्हांस तेथे सापडली.

धातूवर योग्य प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. जुन्या समजुतीप्रमाणे प्रकाश जितका प्रखर, तितका प्रत्येक इलेक्ट्रॉनला बसणारा धक्का मोठा असावयास हवा. 1902 साली लेनार्ड या शास्त्रज्ञास निराळेच आढळले. प्रखरता वाढवली की इलेक्ट्रॉनांची संख्या वाढे. एकेकाची ऊर्जा वाढत नसे. 1905 साली आइन्स्टाइनने उलगडा केला. प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांनी येते, आणि पुंज केवढा हे कंप्रतेवर, म्हणजे प्रकाशाच्या रंगावर ठरते. तांबड्याचा पुंज लहान, जांभळ्याचा मोठा. इलेक्ट्रॉन एका वेळी एकच पुंज घेतो. तो पुंज धातूचा उंबरठा ओलांडण्यास अपुरा असेल, तर तांबड्या दिव्यांची दिवाळी केली तरी एकही इलेक्ट्रॉन बाहेर येत नाही. पुरेसा असेल, तर मिणमिणता जांभळा दिवाही काम करतो. अमेरिकेतील मिलिकनला ही पुंजाची कल्पना पटत नव्हती. तरी 1916 साली त्याच्याच मोजमापांनी आइन्स्टाइनचे समीकरण खरे ठरवले.

आम्ही गेटवर तांबडा दिवाच मोठा करीत होतो! दहा अपुरे मुद्दे मिळून एक पुरेसा मुद्दा होत नाही. ऐकणारा त्यांची बेरीज करीत बसत नाही. त्याच्यापर्यंत पोचणारी एकच गोष्ट संपूर्ण पोचली पाहिजे.

दुसरे असे की, प्रत्येक धातूचा उंबरठा वेगळा. सोडियमला दृश्य प्रकाश पुरतो. जस्ताला अतिनील किरण लागतात. तेव्हा एकच भाषण गावोगाव फिरवणाऱ्या वक्त्याने आधी समोरचा धातू कोणता, ते पाहावे. आवाज अगदी निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. रंग योग्य असेल तर प्रखरतेने इलेक्ट्रॉन अधिक निघतात. ध्वनिक्षेपकाची पाळी मुद्द्याच्या नंतर येते, एवढेच.

येथे एक इशारा दिला पाहिजे. हा केवळ दृष्टांत आहे. पुंजसिद्धांत अणूंचे नियम सांगतो, सभेचे नाही. 'क्वांटम' हा शब्द चिकटवून यशाची गुरुकिल्ली विकणारे पुष्कळ आहेत; त्यांच्या रांगेत आम्हांस बसवू नका. शिवाय धातू उलट प्रश्न विचारीत नाही, माणूस विचारतो. त्याचा उंबरठा मोजण्याचे यंत्र एकच: आपण गप्प बसून त्याचे ऐकणे.

अपघातानंतर आम्ही चार दिवस चहाच्या टपरीवर नुसते ऐकत बसलो. सेन्सरबद्दल प्रत्येकास भीती होती, आणि आपण एकट्याने बोललो तर काम जाईल, ही त्याहून मोठी. मग पुन्हा गेटवर उभे राहिलो. ध्वनिक्षेपक नव्हता. आम्ही एवढेच म्हणालो, "सेन्सर चालू झाल्याशिवाय प्रेसमध्ये हात घालणार नाही, असे सर्वांनी मिळून लिहून देऊ. पहिली सही आमची." भाषण पाच मिनिटांत संपले. त्या संध्याकाळी बस गेली, पण सह्यांची रांग हलली नाही. महिन्याभरात सगळे सेन्सर चालू झाले.

त्या पोराची बोटे मात्र परत आली नाहीत. आजही भाषणाचे टिपण करताना शेवटची ओळ आम्ही आधी वाचतो, आणि पुष्कळदा तीच वर नेऊन लिहितो.